देहाची साक्ष

गोंदिया जिल्ह्यातील धानपट्ट्यातल्या एका गावी आम्ही अंत्यविधीस गेलो होतो. जमिनीवर निजलेला तरुण शेतकरी मध्यरात्री पोट दुखते म्हणून उठला. पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली, आणि उजाडण्यापूर्वी सारे संपले. नखे निळी पाहून कुणी विषाचे नाव काढले, अन् नजरा त्याच्या पत्नीकडे वळल्या. आम्हीही गप्पच राहिलो, हे कबूल केले पाहिजे.

शवविच्छेदनास घरच्यांचा नकार. ख्रिस्ती देहाची विटंबना नको, म्हणे! वास्तविक १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथाने न्यायचौकशीसाठी त्यास नैतिक मान्यता दिली आहे. फादरांनी तेच समजावले.

घोणस चावली तर अंग सुजते, रक्त वाहते. मण्यार असा माग ठेवीत नाही. सूज जवळजवळ नसतेच, दंशाच्या खुणा टाचणीच्या टोकाएवढ्या, कधी तर दिसतही नाहीत. तिच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. नखांचा निळेपणा त्या गुदमरण्याचा. डॉक्टरांना कानामागे दोन ठिपके सापडले. तेथील त्वचा व व्हिसेरा तपासणीसाठी नागपूरला रवाना झाला.

सायंकाळी माती देताना सासूने सुनेचा हात धरला होता.