आईचा अंगठा, माझी सही

परवा दुपारी भांडी आवरून जरा पाठ टेकतेय, तोच शेजारच्या वहिनी आल्या. हातात पिशवी, पिशवीत पासबुकं. म्हणाल्या, "अहो, तुम्ही आईंच्या नावचं मुखत्यारपत्र केलं होतं ना? आमच्या मामंजींचं करायचंय. कुठल्या वकिलाकडं गेला होतात? किती घेतले?"

मी चहा टाकला आणि विचारलं, "मामंजींना आज वार कोणता, ते सांगता येतं का?"

वहिनींच्या कपाळाला आठी पडली. मी काहीतरी भलतंच विचारतेय असं त्यांना वाटलं. पण मैत्रिणींनो, वकील, मुद्रांक, नोटरी या सगळ्यांच्या आधी विचारायचा प्रश्न तोच आहे, आणि मला तो कुणी वेळेवर विचारला नाही.

माझं माहेर केज तालुक्यातलं. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ते गेल्यापासून आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. शिवाय अण्णांनी तिच्याच नावानं घेतलेलं चार एकर जिरायत रान; त्यात कापूस नाहीतर सोयाबीन, मधून तुरीचे तास. धाकटा भाऊ पुण्याकडे कारखान्यात, मी अंबाजोगाईत. आई एकटी गावात राहायची, "माझं मला बरं" म्हणत. २०२१ च्या श्रावणात ती न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून ती माझ्याकडे आहे.

पहिलं अडलं ते बँकेत, सहीपाशी. आई चौथी शिकलेली, सही करते. पण अंथरुणात पडल्या पडल्या केलेली सही आणि बँकेतल्या कार्डावरची जुनी सही यांचं काही केल्या जुळेना. खिडकीतून स्लिप परत आली. रांगेतले एक काका म्हणाले, "ताई, पावर करून घ्या. पावर असली की कटकट मिटती." आमच्याकडे सगळे त्याला 'पावर'च म्हणतात.

कचेरीजवळच्या टायपिंगवाल्याकडे तयार मसुदे असतात. नाव, गाव, वय भरलं की कागद तयार. ते चार पानी कुलमुखत्यारपत्र घरी आणलं आणि आईपुढं धरलं.

"काय लिव्हलंय?"

"तुझं पेन्शन मी काढावं म्हणून परवानगी."

"आन् त्याला चार पानं?"

चष्मा मागितला. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत ती वाचायला लागली. मला स्वयंपाकाची घाई. दीड तासानं तिसऱ्या पानावर बोट थांबलं. 'सदर मिळकत विक्री करणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे...' तिनं चष्मा काढला. "पेन्शन काढायला रान कामून इकावं लागतंय गं?"

खरं सांगते, ते तिसरं पान मीसुद्धा वाचलं नव्हतं.

त्या रात्री तिनं आजीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. आजी निजामाच्या राज्यातली. १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात, कचेरीचं काम उर्दूत. कागद म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वाचून सांगायची गोष्ट, हे त्या पिढीच्या अंगात मुरलेलं. १९७२ च्या दुष्काळात विधवा आजी खडी फोडायला जायची. नात्यातला एकजण म्हणाला, तगाई मिळवून देतो, इथं अंगठा लाव. तगाई काही आली नाही. दोन वर्षांनी कळलं की तो मुखत्यारनामा होता आणि विहिरीजवळचं रान विकलं गेलं होतं. "माय मरस्तोवर उजवा अंगठा पदराला पुसायची," आई म्हणाली, "शाई कवाच गेल्ती तरी."

तो मसुदा मी सकाळी चुलीत घातला. (आमच्याकडे पाणी तापवायला अजून चूल आहे.)

मग ओळखीतल्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी समजावलं की 'कुल' म्हणजे सगळंच, आणि खास मुखत्यारपत्र म्हणजे लिहिलं असेल तेवढंच. नव्या मसुद्यात मोजकी कामं घातली: निवृत्तिवेतनाचं खातं चालवणं, दवाखान्याची बिलं देणं, पीकविमा आणि अनुदानाचे अर्ज करणं, गावच्या घराचं वीजबिल भरणं. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं, मिळकत विकण्याचा, गहाण ठेवण्याचा वा बक्षीस देण्याचा अधिकार मुखत्यारास राहणार नाही. आईनं स्वतःचं एक कलम घालायला लावलं, ते असं की दर दिवाळीच्या पाडव्याला दोन्ही लेकरांसमोर हिशेब वाचून दाखवायचा. वकीलबाई हसल्या, पण लिहिलं त्यांनी.

इथवर ठीक होतं. पण गावात बातमी पोचली आणि भावकीत बोलणं निघालं, 'लेकीला मुखत्यार केलं, आता रान जावयाच्या दारात.' आमच्या ह्यांनी आजवर त्या रानातला भाजीचा वाफा मागितला नाही! भावाचा फोन आला, "ताई, मला विचारायचंस तरी." त्याचं बरोबर होतं. बँकेच्या घाईत त्याला विचारायचं राहूनच गेलं होतं. त्या भाऊबीजेला तो आला, ओवाळून घेतलं, जेवला. पण बोलणं सगळं पावसाचं आणि रस्त्याचं. संध्याकाळी मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं ती वेगळी ओळ दोनदा वाचली.

मुखत्यार हा मालक होत नाही, हे आपल्याकडे कुणाच्या पचनी पडत नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की कुलमुखत्यारपत्राच्या जोरावर झालेल्या व्यवहारानं जमिनीची मालकी बदलत नाही. आणि आईच्या माघारी म्हणाल, तर इच्छापत्र नसेल तिथं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगा-मुलगी दोघं सारखेच. अण्णा तर आधीच गेलेले. त्यासाठी मला मुखत्यार कशाला व्हावं लागतंय? तेव्हा मुखत्यारपत्र जपून ठेवलं की पुढं रान विकता येईल, असं समजणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं, की करून देणारा माणूस गेला, की कागदही त्याच्याबरोबर जातो.

एवढ्या कामाला नोटरीसमोरचा कागद चालला असता, पण आईला सरकारी शिक्का हवा होता. तिला उठता येत नव्हतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात आजारी माणसासाठी गृहभेटीची सोय आहे. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज केला आणि दुय्यम निबंधक घरी आले. त्यांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. दाराआडून ऐकू येत होतं.

"आजी, कुणी जबरदस्ती केली का?"

"न्हाई."

"मग का देताय?"

"लेक हाय. डोळ्यादेखत वापरायला दिलंय, डोळ्यामागं न्हाई."

हे तिचं बोलणं मला तेव्हा नुसतं ठसकेदार वाटलं होतं.

एक मात्र नंतर उमगलं. जिच्यासाठी एवढी धावपळ केली, त्यातली निम्मी कामं मुखत्यारपत्राशिवाय झाली असती. आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो, ही रिझर्व्ह बँकेचीच सोय आहे. शिवाय सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये बँकांना कळवलंय. नुसतं खिडकीशी भांडू नये, आत जाऊन साहेबांना नीट अर्ज द्यावा. आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला? तो पेन्शनरचाच. आपण जिवंत आहोत, हे मुखत्यारामार्फत कळवायची सोय अजून निघालेली नाही.

आमच्या गावात दसऱ्या-दिवाळीनंतर निम्मी घरं बंद होतात. कोयती ऊसतोडीला जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं. म्हातारीचं पासबुक किराणा दुकानदाराकडं, एटीएमचं कार्ड कुणा पुतण्याकडं, गुप्त आकडा कार्डाच्या मागंच लिहिलेला. तिथं कुणी मुखत्यारपत्र करत नाही. तो चार आकडी नंबरच मुखत्यारपत्र. कुणी फसवतं, पुष्कळ जण नाहीही फसवत. पण हिशेब कुणी विचारायचा? आईचं पाडव्याचं कलम मला तेव्हापासून फार शहाणपणाचं वाटतं.

२०२४ च्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी आईला अर्धांगाचा झटका आला. स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात बारा दिवस होती. वाचा परत आली, पण माणसं इकडची तिकडं झाली. ती मला 'माय' म्हणायला लागली. आमच्याकडे लेकीलाही लाडानं 'माय' म्हणतात, म्हणून सुरुवातीला माझ्या ध्यानातच आलं नाही. ती मला लेक समजत नव्हती. ती मला खरोखरच तिची माय समजत होती.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. तीन महिने मी तो कागद घेऊन बँकेत गेले, आईकरिता मुखत्यार म्हणून सही केली, पैसे आणले. डायपर, मालिशवाल्या बाई, औषधं. पै न् पै वहीत लिहिली. मे महिन्यात विम्याच्या एका अर्जासाठी वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सहज विचारलं, "आई कशा आहेत?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे त्यांना काही कळत नाही?"

"कधी कधी कळतं."

१८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. करून देणाराची मती गेली, की मुखत्यारी संपते. रद्द करायला कुणी लागत नाही, आपोआप संपते. इंग्लंडात मती गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करून ठेवता येतं. आपल्याकडे ती सोय नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण कागद करतो, नेमका त्याच दिवशी तो हातातून जातो! मग पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावं लागतं. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. कोमातल्या नवऱ्यासाठी एका पत्नीला २०२० साली मुंबई उच्च न्यायालयानं पालक नेमलं होतं.

घरी येऊन मी वही उघडून बसले. हिशेबात खोट नव्हती. पण 'मुखत्यार म्हणून' लिहिलेल्या त्या तिन्ही सह्यांना आधार नव्हता. कुणी पकडलं नव्हतं, पकडणारही नव्हतं. हे म्हणाले, "तिच्याच औषधाला गेले ना?" गेले. पण आजीचा अंगठा घेणाऱ्यानंही स्वतःला असंच काहीतरी सांगितलं असेल, हे माझ्या मनातून जाईना.

भावाला फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. शनिवारी तो आला, वही वाचली, म्हणाला, "आधी बँकेला कळवू." सोमवारी दोघं गेलो आणि लेखी दिलं. मी रागाच्या तयारीनं गेले होते; अधिकाऱ्यांनी फक्त विचारलं, "त्यांना कधीच कळत नाही, की अधूनमधून कळतं?" करार कायदा तेवढा समजूतदार आहे, मती येऊन-जाऊन असणाऱ्या माणसाला ती ठिकाणावर असताना व्यवहार करता येतो, हे कलम १२ मध्येच आहे. आता चांगला दिवस उजाडला की फोन करायचा. ते साक्षीदार घेऊन येतात, आईला विचारतात, ती "हो, औषधाला पाह्यजेत" म्हणते, आणि अंगठा देते. तिची सही आता गेली. एखाद्या महिन्यात चांगला दिवस येतच नाही. तेव्हा भाऊ पैसे पाठवतो, आम्ही दोघं घालतो. रान चुलतभावाकडं बटईनं आहे. त्याचं काही विकायचं-करायचं निघालं, तर न्यायालयाचं दार. तोवर सातबाऱ्यावर आईचंच नाव.

वहिनींना हे सगळं सांगेस्तोवर चहाचं पाणी झालं. त्या म्हणाल्या, "मामंजींना वार सांगता येतो हो. तारीख चुकते." मी म्हटलं, "मग उद्या नको, आजच बोला त्यांच्याशी. आणि नणंदबाईंनाही बोलवा." नणंदबाईंचं नाव काढल्यावर त्या जरा थांबल्या. पण पासबुकं पिशवीत भरून लगबगीनं गेल्या.

संध्याकाळी आईला खुर्चीत बसवून तिच्या मांडीवर शेंगा ठेवल्या होत्या. सोलत नाही, नुसती चाळवते. मी पेटीतून तो कागद काढला, जपून ठेवावा की फाडावा या विचारात. तिनं माझ्या हातातला शिक्का पाहिला आणि घाबरून माझं मनगट धरलं.

"माय, वाचल्याबिगर अंगठा देऊ नगंस."

मग मी तिच्याजवळ बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायला लागले. मिळकत विकण्याचा अधिकार राहणार नाही, ही ओळ आली तेव्हा तिनं मान हलवली.

"ही परत वाच," म्हणाली.