दोषाचे माप

रोगाची साथ ओसरली म्हणजे तिच्या पाठोपाठ दुसरी एक साथ सुरू होते, ती दोषारोपाची. जीव वाचविण्याची धडपड चालू असते तोवर माणसास विचार करण्यास सवड नसते. परंतु दिवसवार उरकले, पाहुणे आपापल्या गावी गेले, घर पूर्ववत् शांत झाले, म्हणजे मनात प्रश्न उभा राहतो की, हे झाले कोणामुळे? हा प्रश्न स्वाभाविक आहे. इतकेच नव्हे, तर तो विचारलाच पाहिजे. जो समाज तो विचारीत नाही, तो पुढच्या साथीत पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो. तथापि प्रश्न विचारणे निराळे, आणि उत्तर म्हणून हाताशी सापडेल त्या माणसाची मानगूट धरणे निराळे. या दोहोंतील अंतराविषयी चार शब्द वाचकांपुढे ठेवावे, एवढाच आमचा हेतू आहे.

मुंबईस परळची हाफकिन संस्था पुष्कळांनी पाहिली असेल. परंतु ज्यांचे नाव तिला दिले आहे, त्या गृहस्थांवर कोणता प्रसंग गुदरला होता, हे फार थोड्यांस ठाऊक असते. वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका यहुदी कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून ते १८९३ साली पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत अहोरात्र खपून त्यांनी प्लेगची लस तयार केली. आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात त्यांची प्रयोगशाळा गेली. ज्या रोगाने पुढील काही दशकांत या देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली, त्यास हा पहिला बांध होता.

१९०२ साली पंजाबात टोचणीची मोठी मोहीम निघाली. त्या वर्षाच्या ३० ऑक्टोबर रोजी मुलकोवाल या गावी (ते आता पाकिस्तानात आहे) १०७ लोकांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण काही दिवसांत धनुर्वाताने मृत्यू पावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस टोचलेले होते. चौकशी झाली. परळच्या प्रयोगशाळेत लस निर्जंतुक करण्याची रीत बदलून कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेचा उपयोग करण्यात येत होता. यावरून बाटली तेथेच दूषित झाली असावी असा निष्कर्ष निघाला, आणि हाफकिन यांस पदावरून दूर करण्यात आले. वस्तुतः ही रीत पाश्चर संस्थेत रूढ होती.

पुढे पुरावा बारकाईने पाहता निराळीच गोष्ट दिसू लागली. बाटलीचे बूच काढण्याच्या वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळेतील मुलासही ठाऊक आहे. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासला; हिवतापाच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस यांनी हा विषय हाती घेतला; आणि १९०७ च्या जुलैत लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र प्रसिद्ध होऊन त्यात हाफकिन यांच्यावरील आरोप असिद्ध असल्याचे स्पष्ट सांगण्यात आले. अखेर सरकारने त्यांस पुन्हा नोकरीवर घेतले. परंतु ते कलकत्त्यास. परळची संचालकाची जागा त्यांस पुन्हा मिळाली नाही. संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले ते १९२५ साली, आणि १९३० साली ते लोझान येथे वारले.

या प्रकरणास त्या काळी ‘लहान ड्रायफस प्रकरण’ असे म्हणत. फ्रान्सच्या सैन्यातील कॅप्टन ड्रायफस हेही यहुदीच होते. त्यांस १८९४ साली देशद्रोहाच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली. १८९९ साली राष्ट्राध्यक्षांनी त्यांस माफी दिली. माफीने ते घरी आले खरे, परंतु कागदोपत्री अपराधी राहिले ते राहिलेच. निर्दोष असल्याचा निर्णय मिळण्यास १९०६ साल उजाडावे लागले. क्षमा आणि न्याय यांतील भेद याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही. क्षमा अपराध्यास करावयाची असते. ज्याचा अपराधच सिद्ध नाही, त्यास क्षमा करणे म्हणजे गोड शब्दांत त्यास अपराधी ठरविणे होय.

आता त्या मदतनिसाचे काय, असे कोणी विचारील. त्याचा दोष होता; परंतु केवढा? चिमटा पडणे हा अपघात. तो तसाच वापरणे हा प्रमाद. असा प्रमाद शंभर वेळा घडला तरी नव्याण्णव वेळा त्याचे काही वाईट होत नाही, आणि कोणास त्याची वार्ताही लागत नाही. शंभराव्या वेळी एकोणीस माणसे मरतात. मरण पावलेल्यांची संख्या मोठी म्हणून करणाऱ्याचा हेतू आपोआप दुष्ट होत नाही. आणि हेतू दुष्ट नव्हता म्हणून त्या एकोणीस घरांतील आकांत लहान होत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगणे अवघड आहे. परंतु न्याय म्हणतात तो याच अवघड कामास.

आपल्या शास्त्रकारांनी या कामी बुद्धी शिणविली आहे. बुद्धिपूर्वक केलेले पाप व अजाणता घडलेले पाप यांस प्रायश्चित्ते निरनिराळी सांगितली आहेत. दंडाचेही चार प्रकार केले आहेत: वाग्दंड, धिग्दंड, धनदंड आणि वधदंड. म्हणजे कानउघाडणीपासून देहदंडापर्यंत ही एक चढती शिडी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात खोटी साक्ष देणारास दंड सांगताना, ती कशापायी दिली, हे पाहण्यास सांगितले आहे. लोभाने दिली असल्यास १००० पण, अज्ञानाने दिली असल्यास २००, आणि पोरबुद्धीने दिली असल्यास १००. कृत्य एकच; परंतु मूळ पाहून दंड दहापट कमीअधिक! त्याच ग्रंथात वर्ण पाहूनही दंड कमीअधिक केलेला आहे. तो भाग सर्वथा त्याज्य होय, हे स्पष्ट बोलले पाहिजे. मनुष्य कोणत्या कुळातला हे न पाहता दोष कोणत्या मुळातला हे पाहावे, एवढेच आम्ही त्यातून घेतो.

हे सर्व आम्ही केवळ पोथीतून सांगत नाही. २०२१ च्या वैशाखात करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमचे थोरले बंधू गेले. घर एकत्र, माणसे तेरा. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांस प्रथम ताप आला होता. विलगीकरण केंद्रात नेतील या धास्तीने त्याने दोन दिवस तो कोणास कळू दिला नाही, आणि त्या दोन दिवसांत तो दादांच्या शेजारी पानावर बसला. पुढे आठ दिवसांत दादा अंथरुणास खिळले; रुग्णालयात खाट मिळण्यास एक अख्खी रात्र गेली; आणि पाचव्या दिवशी सर्व आटोपले. वहिनींनी त्या मुलाशी बोलणे टाकले. दोन वर्षे त्या त्याच्या हातचा पाण्याचा पेलासुद्धा घेत नसत.

आप्तमंडळी येत आणि म्हणत, “झाले गेले विसरा, लेकरू आहे, क्षमा करा.” असे बोलणारांचे काय जाते? कुंकू वहिनींचे गेले होते. दुसऱ्याच्या खात्यातून दानधर्म करण्याचा अधिकार कोणासच नसतो. आणि नवलाची गोष्ट अशी की, तो मुलगाही क्षमेवर संतुष्ट नव्हता. एके दिवशी तो आम्हांस म्हणाला, “काका, काकूंनी मला क्षमा करावी की न करावी, हा त्यांचा प्रश्न. पण मी नेमके किती केले, हे मला कोणी सांगेल का? घरात सगळे माझ्याकडे असे पाहतात की जणू मीच काकांना मारले.”

तेव्हा आम्ही दोघांस समोर बसविले आणि हिशेबाच्या वहीप्रमाणे एकेक रकम मांडली. ताप लपविला, हे खरे. तो लोभाने नव्हे, द्वेषाने नव्हे, भयाने लपविला, हेही खरे. परंतु त्याच आठवड्यात दादा स्वतः लस घेण्यासाठी तीन तास रांगेत उभे होते, आणि बँकेतही जाऊन आले होते. रोग कोणाकडून आला, हे सांगणारा या पृथ्वीवर कोणी नाही. खाट मिळण्यास रात्र गेली, तिचा भार या मुलाच्या माथी मारता येत नाही. आम्ही त्यास म्हणालो, “ताप लपविलास, हा दोष तुझा. त्यास धिग्दंड योग्य, आणि तो तू दोन वर्षे भोगलास. दादांचा मृत्यू तुझ्या नावे लिहिता येत नाही.”

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, ताप लपविला, एवढे हा आपल्या तोंडाने एकदा म्हणाला असता, तरी मला पुरे होते.” मुलाने ते तेथेच म्हटले. त्या दिवसापासून त्या त्याच्याशी बोलू लागल्या. क्षमा केली, असे त्यांनी आजतागायत म्हटलेले नाही. आणि त्यांनी तसे म्हणावे, असा आग्रह आम्हीही धरलेला नाही.

मात्र यावरून कोणी असे समजू नये की, साथीच्या काळातील सर्वच दोष पोटात घालावेत असे आमचे म्हणणे आहे. त्याच वैशाखात रेमडेसिविरचे इंजेक्शन अव्वाच्या सव्वा किंमतीस चोरून विकणारे पकडले गेले. कित्येक ठिकाणी कुपीत औषधच नव्हते. तेथे भय नव्हते, अज्ञान नव्हते. बुडत्याच्या गळ्यातील साखळी ओढणारा शुद्ध लोभ होता. त्यास दया दाखविणे म्हणजे मृतांच्या घरी दुसऱ्यांदा चोरी करणे होय. जो मापून शिक्षा करतो तोच मापून दयाही करू शकतो. सर्वांस सारखेच झोडपणारा आणि सर्वांस सारखेच सोडून देणारा, हे दोघेही एकाच आळसाचे पुत्र आहेत. कारण दोघांनीही तराजू हाती घेण्याचा त्रास चुकविलेला असतो.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी त्या वर्षांचा असा एखादा अबोला अजून शिल्लक असेल. कोणी लग्नास गेले म्हणून, कोणी डॉक्टरास उशिरा बोलाविले म्हणून, कोणी दूरच्या शहरातून आले नाही म्हणून. अशा घरांतील वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती की, ‘विसरून जा’ असे सांगण्याची घाई करू नये. आधी दोघांस समोरासमोर बसवावे. काय घडले ते क्रमाने मांडावे. भय किती, प्रमाद किती, दैव किती, याची निवड करावी. आणि ज्याचा जेवढा वाटा तेवढाच त्याच्या पदरात घालावा. त्यानंतर क्षमा करणे न करणे, हे ज्याचे गेले त्याच्यावर सोपवावे. ती आली तर उत्तमच. न आली तरी निदान नसलेल्या अपराधाचे ओझे कोणाच्या डोक्यावर राहणार नाही.