सुरतेतील एक थडगे आणि एक घोषणा

कतारगाम दरवाज्यानजीकच्या इंग्रजी दफनभूमीत ऑक्सेंडन बंधूंचे घुमटाचे भव्य थडगे आम्ही पाहिले. १६६४च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा यांतील जॉर्जने वखार राखली. १६६९त तो येथेच निवर्तला. त्याच धामधुमीत महाराजांनी कापुचिन पाद्र्यांच्या मठास धक्का लावला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो.

२०२४च्या नोव्हेंबरात उद्धव ठाकरे यांनी सुरतेतही महाराजांचे मंदिर उभारण्याची घोषणा केली. आधी मुंब्र्यात बांधून दाखवा, असे देवेंद्र फडणवीसांनी बजावले. निवडणुकीचे दिवस ते! लिंबायत-उधन्यातील आपल्या मंडळींचा संसार मात्र गुजराती शेजाऱ्यांसमवेतच चालायचा आहे. आम्हांस विचाराल तर मंदिराआधी त्या मठाची आठवण सांगणारा एखादा शिलालेख येथे हवा, मराठीत आणि गुजरातीतही.