आधी नदी बघ, मग पेटी भर

चि. मुक्ता हिस,


मेच्या सुरुवातीला तू मासे धरायला अमेरिकेतल्या सलायडाला जाते आहेस, आर्कन्सॉ नदीवर, आणि फ्लाय, म्हणजे गळावरचे खोटे किडे, बांधायचं सामान बरोबर नेणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. तू पाठवलेला फोटोही नीट पाहिला. जेवणाचं टेबल पिसांनी, केसांनी आणि दोऱ्याच्या रिळांनी भरून गेलंय. त्यातलं बहुतेक सामान घरी ठेव. का ते सविस्तर सांगते. तुझ्यासारखाच नवा नाद लागलेल्या आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर त्यांनाही वाचायला दे.

पेटी भरताना बहुतेक जण घरच्या टेबलावरचं सगळं थोडं थोडं उचलतात. मग पेटीत दहा रंगांची पिसं येतात आणि नेमका हवा त्या नंबरचा गळ राहून जातो. सुरुवात नदीपासून करायची. या दिवसांत त्या पाण्यात कोणते किडे आहेत, ते माशाला कोणत्या अवस्थेत दिसतात, हे आधी कागदावर लिहायचं.

आर्कन्सॉवर एप्रिलअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत कॅडिस नावाचे किडे निघतात. मदर्स डे मेच्या दुसऱ्या रविवारी येतो, म्हणून तिकडे या हंगामाला मदर्स डे कॅडिस म्हणतात. पाणी साधारण 12 अंश सेल्सिअसला आलं की खाली कॅन्यन सिटीकडे किडे उडायला लागतात, आणि वरचं पाणी जसं तापेल तसे ते सलायडाच्या दिशेने सरकत येतात. अळी तळाच्या दगडांना चिकटलेल्या चौकोनी नळीत राहते. पुढे कोष पाण्यातून वर येतो, आणि शेवटी पृष्ठभागावर पंख मिटलेला किडा दिसतो. ढगाळ दुपारी यांच्या जोडीला ब्लू विंग ऑलिव्ह ही बारीक मेफ्लायही निघते. बस, एवढंच जग आहे तुझ्या चार दिवसांचं. त्यासाठी चार-पाच फ्लाय पुरतात: 14 आणि 16 नंबरची एल्क हेअर कॅडिस, हिरवट पोटाची प्यूपा (कोषाची नक्कल), 16 ते 20 नंबरची फेझंट टेल निम्फ आणि बारीक पॅराशूट. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे तुला माहीतच आहे. दुकानात घाईत असताना मात्र ते हमखास विसरायला होतं.

फेझंट टेलबद्दल थोडं थांबून सांगते, कारण प्रवासाची पेटी कशी असावी हे मला या एका फ्लायने शिकवलं. इंग्लंडात विल्टशरमधल्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याने ती बांधली. 1958 साली त्याचं निम्फवरचं पुस्तक आलं. त्याच्या मूळ फ्लायला दोरा लागत नाही. फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, संपलं. तार तंतूंना बांधून ठेवते, तीच वजन देऊन फ्लाय खाली नेते, आणि तंतूंमधून तिची लालसर चमकही दिसते. एक वस्तू तीन कामं करते. तुझ्या पेटीतल्या प्रत्येक वस्तूला हाच प्रश्न विचार: तू आणखी कशाला उपयोगी पडतेस? तांब्याची तार निम्फला चालेल, प्यूपाच्या पोटावर फिरवायला चालेल, आणि एल्क हेअर कॅडिसवरचं हॅकल, म्हणजे गळाभोवती गुंडाळलेलं पीस, दाबून बसवायलाही चालेल. अल ट्रॉथने 1957 मध्ये पेनसिल्व्हेनियात ती कॅडिस बांधली, तेव्हा हॅकल तारेनेच बांधलं होतं. एल्कच्या अंगावरचे केस आतून पोकळ असतात, म्हणून ती तरंगते. काड्यापेटीएवढा कातड्याचा तुकडा तुला पूर्ण प्रवासाला पुरेल, अख्खं कातडं नेऊ नकोस. तपकिरी हॅकलची पिसं घरीच मापून घे, नंबरनुसार छोट्या झिपच्या पिशव्यांत घाल आणि वर पेनाने लिही. औषधांच्या दुकानात आठवड्याच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी मिळते, गळांसाठी तिच्याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. गळांचे उलटे काटेही घरीच पकडीने दाबून ठेव.

पिसांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने सांगते. मोरपिसाचा तंतू निम्फला आणि कॅडिसला लागतो, आणि तू दिवाळीत घरी जाशील तेव्हा आजीच्या देवघरातलं मोरपीस आणावंसं वाटेल. आणू नकोस. मोराचं गळून पडलेलं पीस भारतात बाळगता येतं, पण देशाबाहेर न्यायला बंदी आहे. आपल्या चिपळूणच्या घरामागच्या डोंगरात पहाटे आरवतो तो राखी रानकोंबडाही फ्लायच्या धंद्याने वापरलेला पक्षी आहे. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणचट, चकाकणारे पिवळसर ठिपके असतात. सह्याद्रीतल्या या पक्ष्याची पिसं गेल्या शतकाच्या आधीपासून ब्रिटनमधल्या सॅमन फ्लायवर बसत आली. आज त्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते मिळालं हे फार चांगलं झालं. इथे अमेरिकेतही 1918 चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे. त्यामुळे नदीकाठी बगळ्याचं सुंदर पीस पडलेलं दिसलं तरी ते तिथेच राहू दे. पाळीव कोंबड्यांची आणि दुकानातली रीतसर पिसं आपल्याला पुष्कळ आहेत. माशासाठी पक्ष्याचा जीव जावा, असला छंद आपल्या घरात नको.

आता वाइस, म्हणजे गळ पकडून ठेवायचा शिकंजा. जड तळाचा वाइस टेबलावर छान उभा राहतो, पण सामानाचं अर्धं वजन त्याचंच होतं. क्लॅम्पचा हलका असतो, मात्र कॅम्पमधल्या लाकडी टेबलाच्या फळ्या जाड असतात, क्लॅम्प तिथे पुरेसा उघडत नाही. म्हणून एक हातभर लांबीची पातळ फळी ने. वाइस तिच्या एका टोकाला आवळ आणि दुसरं टोक मांडीखाली दाब, आजी विळीचा पाट दाबून बसते तसं. मग टेबल असो, दगड असो, गाडीची मागची सीट असो, काही अडत नाही. बारीक टोकाची कात्री बुचात खुपसून ठेव. बॉबिन एकच, दोरे दोन, काळा आणि ऑलिव्ह. शेवटची गाठ बोटांनी मारायला शिकलीस तर त्यासाठीचं अवजार नेण्याची गरज नाही. चिकट लाखेची बाटली नको. डेन्व्हरहून घाट चढताना हवेचा दाब उतरतो, बाटली झिरपते आणि सगळ्या पिसांची वाट लागते. दोऱ्याला मेण लाव, गाठी नीट आवळ, फ्लाय टिकते.

पांढरा नॅपकिन विसरू नकोस. त्यावर बारीक गळ दिसतात, आणि दुपारी दरीत वारा सुटतो तेव्हा पिसं त्याखाली दाबता येतात. कपाळावरच्या दिव्याने सावल्या पडतात, म्हणून चिमट्याचा एक छोटा दिवा बाजूला लाव.

आणि एवढं करून बांधायचं किती? थोडंच. मुख्य डबी घरूनच भरलेली ने. पेटी आहे ती नदी जे आयत्या वेळी सांगेल त्यासाठी. पहिल्या दुपारी काठाजवळचे दोन दगड हलकेच उलट, खालचे किडे बघ, दगड होते तसे परत ठेव. काठावरच्या झुडपातून एक कॅडिस बोटावर घे आणि तिचं पोट बघ, कारण मासा तिला खालूनच पाहतो. पुस्तकातला हिरवा आणि त्या पोटाचा हिरवा यांत फरक निघेल. त्या संध्याकाळी तो फरक बांध, तीन-चार फ्लाय पुरेत. हे घरी बसून कुणालाच जमत नाही, आणि सामान वाहून नेण्याचं सगळं सार्थक तिथेच आहे.

मेच्या मध्याला बर्फाचं पाणी उतरायला लागलं की नदी गढूळ होते आणि हा हंगाम आटोपतो, तेव्हा जाणं लांबवू नकोस. तुझं गेल्या वर्षीचं लायसन्स 31 मार्चला संपलंय. निघण्याआधी नवं काढून घे.

तुझी,
आत्या