बावखलातलं हिरवं पाणी

हिरवं पाणी म्हणजे नासलेलं पाणी, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. वसईतल्या आमच्या वाडीत बावखल, म्हणजे छोटं तळं, आहे. आजोबांच्या काळी त्यावर रहाट चालायचा, आता मोटार आहे. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आम्ही ते उपसलं, गाळ काढला आणि पावसानंतर डासांच्या धास्तीने मी त्यात गप्पी मासे सोडले. दिवाळीपर्यंत पाणी हिरवंगार. पानवेलीसाठी आणलेला मोरचूद घरात होताच, तो पाण्यात कालवला. पंधरा दिवस पाणी निवळलं, मग पहिल्यापेक्षा गडद झालं.

शेजारच्या वाडीतलं बावखल मात्र नितळ होतं. तिथलं पाणी बाटलीत भरून उन्हासमोर धरलं, तर मोहरीहून बारीक, पांढुरके ठिपके झटके देत वर-खाली करत होते. भिंगाखाली त्यांचं अंग काचेसारखं आरपार दिसलं आणि आत एक हिरवी रेघ. ते त्यांनी नुकतंच खाल्लेलं शेवाळ! या जलपिसवा. पायांवरच्या केसांच्या झालरीने पाणी गाळून त्या सूक्ष्म शेवाळ टिपतात. माझ्या बाटलीत एकही ठिपका नव्हता.

मग वाचायला लागलो. गप्पींसारखेच डास खाण्यासाठी जगभर सोडलेल्या गम्बुशिया माशांवरचा एक प्रयोग 1972 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता. जिथे मासे होते, तिथे त्यांनी हे बारीक जीव फस्त केले आणि शेवाळ बेसुमार वाढलं. मोरचुदाचंही कळलं. त्यातलं तांबं शेवाळाबरोबर जलपिसवांनाही मारतं. मेलेलं शेवाळ कुजून पाण्याला खत मिळतं, आणि नवं शेवाळ उगवतं तेव्हा त्याला खाणारं कोणी उरलेलं नसतं.

तरी खात्री करायची होती. शेजारचं पाणी दोन पिंपांत भरलं, दोन्हींवर मच्छरदाणीचं कापड बांधलं, एकातच गप्पी सोडले. तीन आठवड्यांत गप्पींचं पिंप हिरवं झालं. दुसऱ्याचा तळ दिसत होता.

जलपिसवा सगळं निस्तरतील, असं मात्र मी आता म्हणणार नाही. साबणाचं पाणी, निर्माल्य, जास्तीचं खत तळ्यात जात राहिलं, तर चिकट गोळ्यांनी वाढणारं निळं-हिरवं शेवाळ माजतं. ते गोळे त्यांच्या तोंडात मावत नाहीत आणि त्यातलं काही विषारीही असतं. शिवाय खाल्लेल्या शेवाळातला नत्र-स्फुरद त्या पुन्हा पाण्यातच सोडतात. म्हणून शेणखताचा ढीग मी बावखलाच्या काठावरून हलवला.

जाळं टाकून जमतील तेवढे गप्पी काढले आणि झाकण नसलेल्या हौदात सोडले. डासांसाठी त्यांची गरज तिथेच होती. शेजारच्यांकडून दोन बादल्या पाणी आणून बावखलात ओतलं. आता दर रविवारी बाटली भरून उन्हात धरतो. परवा तिच्यात सात ठिपके मोजले.