टेप ब्लॅक केली का?

वसईत लग्नाची ‘चित्रफीत’ कधी कुणी मागितली नाही. मागितली ती ‘कॅसेट’. चित्रफीत वर्तमानपत्रात राहिली. आगाशी-निर्मळपासून नालासोपाऱ्यापर्यंतचे शूटिंगवाले आणि मिक्सिंगवाले आपली वेगळीच बोली बोलत. त्या बोलीतल्या जवळजवळ प्रत्येक शब्दामागे यंत्राची एकेक खोड होती.

अँपेक्स कंपनीने १९५६ साली शिकागोत दाखवलेल्या रेकॉर्डरला दोन इंच रुंद टेप लागे. लग्नाच्या व्हीएचएसची आणि स्टुडिओतल्या बीटाकॅमची टेप अर्ध्या इंचाची. रुंदी सारखी, मग चित्रात एवढा फरक का? यंत्र उघडलं की आत तिरका बसवलेला चकचकीत ड्रम दिसतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत तो सेकंदाला २५ वेळा फिरतो आणि एका फेऱ्यात एक फ्रेम तिरक्या रेघांनी टेपवर लिहितो. दरम्यान व्हीएचएसची टेप सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते, बीटाकॅमची १० सेंटिमीटर. शिवाय बीटाकॅम उजेड आणि रंग वेगवेगळ्या रेघांत नोंदवतो. कागद चौपट वापरला की अक्षर सुधारणारच.

थांबलेली टेप एकदम वेग घेत नाही. म्हणून एडिट करताना दोन्ही यंत्रं टेप थोडी मागे नेत, बहुधा पाच सेकंद, आणि तिथून धावत येऊन कटाच्या जागी एकमेकांना गाठत. हा ‘प्रीरोल’. खो-खोतल्या पाठलाग करणाऱ्याला सूर मारण्याआधी लागते तशी ही धाव. ज्या कॅमेरामनला हे ठाऊक होतं तो फादर वेदीपाशी येण्याआधीच बटण दाबून ठेवी. ज्याला ठाऊक नव्हतं तो नेमका अंगठी घालतानाच चालू करी. मग तो शॉट उत्तम असूनही एडिटरच्या काही कामाचा नसे, कारण मागे जायला जागाच नाही. प्रस्तुत लेखकाने अशा शॉटांपुढे डोकं धरून बऱ्याच रात्री काढल्या आहेत.

आता शीर्षकातला प्रश्न. टेपच्या कडेला ‘कंट्रोल ट्रॅक’ नावाची ठरावीक अंतरावरच्या खुणांची रांग असते. सिनेमाच्या फिल्मला भोकं असतात, त्यांचं काम ती करते. ‘असेंबल’ एडिट म्हणजे गाडीला डबे जोडत जाणं. प्रत्येक शॉट आपला कंट्रोल ट्रॅक सोबत घेऊन येतो, पण शेवटच्या डब्यामागे सगळं तुटलेलं. ‘इन्सर्ट’मध्ये आधी रूळ टाकायचे, मग हवं तिथे चित्र किंवा नुसता आवाज बसवायचा. रूळ टाकणं म्हणजेच टेप ब्लॅक करणं: कोऱ्या टेपवर काळं चित्र, कंट्रोल ट्रॅक आणि टाइमकोड भरून घेणं. तासाची टेप ब्लॅक व्हायला तासच लागे. सकाळी स्टुडिओत चहाच्याही आधी हा प्रश्न विचारला जाई, आणि सहायकाचा चेहरा पाहूनच उत्तर कळे.

इन्सर्टलाही मर्यादा होती. समजा, मामांचा आहेर कॅसेटमध्ये आला नाही आणि घरात रुसवेफुगवे झाले. तयार मास्टरमध्ये बाराव्या मिनिटाला दहा सेकंद घालायचे तर पुढचं सगळं पुन्हा रेकॉर्ड करा, नाहीतर तिथले दुसऱ्या कुणाचे तरी दहा सेकंद उडवा. कुणाचे, हा प्रश्न तांत्रिक नव्हता.

मोठ्या कामात टाइमकोड तारत असे: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. पहिल्या कॅसेटला तासाच्या जागी एक, दुसरीला दोन, म्हणजे आकडा वाचताच कॅसेटही कळते. आकडे चित्रावरच छापलेली व्हीएचएस कॉपी घरी पाहून कटांची यादी कागदावर उतरवायची, हे ‘ऑफलाइन’. मग ती यादी घेऊन लोकलने अंधेरी गाठायची आणि तासावर भाडं मोजून बीटाकॅमवर मास्टर करायचा, हे ‘ऑनलाइन’. आज या शब्दांचा अर्थ शाळकरी पोरालाही भलताच ठाऊक आहे.

‘जनरेशन’चंही तसंच. कॅमेऱ्यातली कॅसेट पहिली पिढी, एडिट झालेला मास्टर दुसरी, कुवेतच्या काकांना गेलेली कॉपी तिसरी. दर पिढीला चित्र मऊ होई आणि कुपारी समाजातल्या आजीच्या लाल लुगड्याचा रंग काठाबाहेर सांडे. कॅनडाला पाठवलेली कॅसेट तर तिथल्या साध्या व्हीसीआरवर धड दिसतच नसे. तिकडे एनटीएससी, ५२५ रेघा आणि सेकंदाला ३० फ्रेम.

वसईच्या या रेल्वेमार्गाला मालिकांचं शूटिंगही नवं नाही. १९८७ साली दूरदर्शनवर आलेली ‘रामायण’ विरारच्या पुढे, राज्याची हद्द ओलांडली की लागणाऱ्या उंबरगावात चित्रित झाली. आता याच मार्गावरच्या नायगावात मालिकांच्या सेटवर कॅमेऱ्यात कार्ड असतं. त्यात काहीच गुंडाळलं जात नाही, तरी ‘रोलिंग’ची आरोळी उठतेच. बीटाकॅमच्या कोऱ्या कॅसेटची विक्री सोनीने २०१६ साली थांबवली.

उरल्या त्या घरोघरच्या माळ्यावरच्या कॅसेट. समुद्राची दमट हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे रिळाच्या कडेला पांढरी बुरशी धरते. ती पुसल्याशिवाय यंत्रात घातली तर हेड बरबटतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. डिजिटल कॉपी करायला तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात, तेव्हा समोर बसून पाहणं आलंच. अशाच एका कॅसेटची टॅब तोडलेली होती, म्हणजे तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये अशी तजवीज कुणीतरी केलेली. त्या भोकावर दुसऱ्या कुणीतरी चिकटपट्टी लावली होती. चर्चच्या पायऱ्या, बँड, वरात, आणि मध्येच १९९८ चा शारजाचा सामना. सचिन बराच वेळ खेळला. मग असेंबल जिथे तुटतं तिथे येतात तशा दोन-चार सेकंद मुंग्या, आणि नवरा-नवरी केक कापताना.