युक्तिवाद आणि पाठटाचण

मुडबी हे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण तालुक्याचे एक होबळीचे गाव. कलबुर्गी जिल्ह्याची हद्द येथून जवळ आहे. या परिसरातील जमिनीच्या वाटण्यांचे दावे चालविण्यात माझी वकिली गेली. शाळेच्या फळ्याशी माझा संबंध विद्यार्थिदशेतच संपला होता. तरीही गेल्या वर्षी शेजारच्या एका मुलीच्या बी.एड.च्या निमित्ताने मी पुन्हा विद्यार्थी झालो. त्या शिकण्याची ही हकीकत सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांसाठी लिहीत आहे.

मुलगी इतिहास घेऊन बी.ए. झालेली. तिला मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास आणि सामाजिक शास्त्रे शिकवायची आहेत. ही वाट सोपी नाही. २०१४ च्या नियमांपासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आहे आणि त्यांतील २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. सहावी ते आठवीला शिकवायचे तर पुढे शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. तिचे गुण १५०: बालविकास ३०, दोन भाषा प्रत्येकी ३० आणि सामाजिक शास्त्रे ६०. खुल्या गटाला उत्तीर्ण होण्यास ६० टक्के हवेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर तर निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे भाग आहे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे गेला आहे.

तिच्या महाविद्यालयातील अध्यापन कन्नड आणि इंग्रजीत. सराव पाठ मात्र मराठी शाळेत. त्यामुळे रोज संध्याकाळी ती वह्या घेऊन माझ्याकडे येई आणि आम्ही दोघे शब्दांशी झटत बसू. एकदा तिच्या टिपणात वाक्य होते : ‘कल्याणच्या चालुक्यांची अनेक शासने उपलब्ध आहेत.’ वर्गातील एका मुलाने विचारले, एका राज्यात अनेक शासने कशी? कन्नडात ‘शासन’ म्हणजे कोरीव लेख. आपल्या मराठीत शासन म्हणजे सरकार. ‘ताम्रशासन’ या जुन्या शब्दात तो कन्नड अर्थ आपल्याकडेही शिल्लक आहे, पण बारा वर्षांच्या मुलाला ते कसे कळावे? तिने ‘शिलालेख’ आणि ‘ताम्रपट’ असे दोन शब्द लिहिले व मूळ कन्नड शब्दही शेजारी ठेवला. मी तो खोडायला निघालो होतो. ती म्हणाली, “राहू द्या काका, पोरांना दोन्ही लागणार आहेत.”

माझा कायदा तिला एका ठिकाणी उपयोगी पडला. वाटणीच्या दाव्यात आम्ही वकील ज्या मिताक्षरेचा आधार घेतो, ती विज्ञानेश्वराने सहाव्या विक्रमादित्याच्या काळात याच कल्याणात लिहिली. मुलाला जन्मतःच वडिलार्जित मालमत्तेत हक्क, हे तिचे सूत्र. २००५ च्या दुरुस्तीने तो हक्क मुलीलाही मिळाला. त्याच घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ११२९ च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. कन्नड राजाच्या संस्कृत ग्रंथात मराठी बायकांची ओवी! हे सांगताना माझी छाती फुगली होती. ती मात्र शांतपणे लिहून घेत होती.

खरा प्रसंग पुढे आला. तिला १७ सप्टेंबर १९४८ वर सातवीसाठी पाठ घ्यायचा होता. मी आपण होऊन म्हणालो, “याचे टाचण मी लिहून देतो.” रात्री बसून चार पाने लिहिली. निजामाचे राज्य, पोलीस कारवाई आणि तेथून थेट १ नोव्हेंबर १९५६. बीदर जिल्ह्याचे कसे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण म्हैसूर राज्यात राहिलो. मग महाजन आयोग, मग २००४ चा सर्वोच्च न्यायालयातील दावा. आयुष्यभर सभांतून जे बोललो ते सारे त्यात होते.

दुसऱ्या दिवशी तिने ती पाने परत आणून दिली. “काका, हा युक्तिवाद आहे. पाठ नाही.”

मला राग आला, हे कबूल करतो. म्हणालो, “यातले एक तरी वाक्य खोटे आहे का?”

“खोटे नाही. पण निकाल तुम्ही आधीच लावलाय. मुलांना काय काम उरले? आणि काका, त्या वर्गात सगळ्या घरची मुले आहेत.”

ती काय म्हणते ते मला लगेच उमगले. आमच्याच जिल्ह्यात गोरटा आहे. रझाकारांनी तेथे केलेल्या हत्याकांडाचे स्मारक २०२३ मध्ये उभे राहिले. आणि पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले त्याविषयीचा पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. त्यात सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदले आहेत ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. माझ्या चार पानांत गोरटा एका ओळीत होते. सुंदरलाल समिती नव्हतीच. माझ्या दाव्याला ती लागत नव्हती.

तिने मुलांना फक्त एक गृहपाठ दिला : त्या दिवसाला तुमच्या घरी काय म्हणतात, ते घरातील सर्वांत वडील माणसाला विचारून या. मी त्या दिवशी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. मुले सांगत गेली आणि ती फळ्यावर लिहीत गेली. पोलीस ॲक्शन. मुक्तिसंग्राम. विमोचन. रजाकारी. २०१९ पासून सरकारी उत्सवाचे नाव कल्याण कर्नाटक, हे एकाने कॅलेंडर पाहून सांगितले. मग एक मुलगा उठला आणि हळू आवाजात म्हणाला, “आमची दादी काहीच सांगत नाही. विषय निघाला की उठून आत जाते.”

वर्ग गप्प झाला. तिने खडू उचलला आणि त्याच यादीत, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिले : काहीच सांगत नाहीत. मग मुलांना विचारले, एकाच दिवसाला इतकी नावे का असतील? पुढची वीस मिनिटे मुलेच बोलत होती. १९५६ चा विषयही निघाला. एका मुलीने विचारले की आजीचे माहेर उदगीरचे, तर ते दुसऱ्या राज्यात कसे? माझ्या चार पानांचा प्रश्न तिने एका वाक्यात विचारला होता.

घरी येताना मी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-क चा विचार करीत होतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी द्याव्यात, असे १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेला तो अनुच्छेद सांगतो. मी तो निवेदनांत असंख्य वेळा उद्धृत केला आहे. त्यात ‘शिक्षक’ हा शब्द नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले. शाळेची इमारत, मंजुरी, माध्यम यांसाठी आपण निवेदने दिली. मराठीतून इतिहास शिकवील असा प्रशिक्षित माणूस कोठून येणार, त्याला मराठीतून पाठ घ्यायला कोण शिकवणार, त्याच्या टिपणांतील शब्द कोण तपासणार, याचा विचार आम्ही चळवळीतल्या माणसांनी फारसा केला नाही.

ती आता टीईटीच्या तयारीला लागली आहे. तिच्या मागे आणखी दोन मुली वह्या घेऊन येऊ लागल्या आहेत. वाचकांपैकी जे निवृत्त शिक्षक असतील त्यांना माझी विनंती आहे की, आपल्या गावात अशी एखादी मुलगी वा मुलगा असेल तर आठवड्यातील दोन संध्याकाळी त्यांना द्याव्यात. पलीकडच्या वाचकांनी इतिहासाच्या मराठी परिभाषेची पुस्तके धाडावीत. मात्र टाचण त्यांचे त्यांनाच लिहू द्यावे. माझी ती चार पाने मी सभेसाठी जपून ठेवली आहेत. त्यांत सुंदरलाल समितीचा परिच्छेद आता घातला आहे.